बॅग फिल्टरच्या बॅगा बदलायच्यात? आधी हे वाचा, मग वर चढा

बॅग फिल्टर म्हणजे धुळीची हवा कापडी बॅगांतून गाळणारं यंत्र. त्याचा डीपी (बॅगांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक) वाढला की टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे नवी मुंबईच्या एमआयडीसीतल्या, बहुतेक कंपन्यांत पहिला फोन जातो बॅगवाल्याला. नवा सेट येतो, सुट्टीच्या दिवशी कॉन्ट्रॅक्टरची चार पोरं वर चढतात, संध्याकाळी "साहेब, बसल्या सगळ्या" म्हणत खाली उतरतात आणि दोन-तीन महिन्यांत चिमणीतून परत धूळ दिसायला लागते. मग शिव्या कापडाला. कापड कधी कधी वाईट निघतं, नाही असं नाही, पण महापे, रबाळे, तळोजा या बाजूला लवकर गेलेल्या ज्या बॅगा मी बघितल्यात त्यातल्या बऱ्याचशा बसवतानाच नाहीतर चालू केल्याच्या पहिल्या दिवशीच बिघडलेल्या होत्या, कळलं फक्त उशिरा. त्यामुळे काम कॉन्ट्रॅक्टरचं असलं तरी कंपनीचा एक माणूस ट्यूबशीटवर (बॅगा जिच्या भोकांत लटकतात ती प्लेट) उभा पाहिजेच, आणि त्याने काय बघायचं ते इथे लिहितोय. धरून चाललोय की तुमचा फिल्टर पल्स जेट आहे, म्हणजे दाबाच्या हवेचा झटका (पल्स) मारून धूळ झाडणारा, आणि बॅगा वरून निघतात, आपल्याकडे जास्त तेच दिसतात. खालून क्लॅम्पने बांधायच्या बॅगांचं थोडं पुढे आहे.

खरंच बदलायच्या आहेत का

डीपी जास्त आणि चिमणी साफ असेल तर बॅगा फाटलेल्या नाहीत, गच्च झाल्यात किंवा पल्सिंग नीट होत नाहीये. डीपी कमी आणि चिमणीतून धूळ, तर कुठेतरी भोक आहे नाहीतर बॅगेच्या तोंडाची रिंग सुटलीये. दोन्हीचं औषध वेगळं, आणि पहिल्या केसमध्ये बॅगा मागवायच्या आधी पाच गोष्टी फुकटात तपासता येतात.

मॅनोमीटरच्या (डीपी दाखवणारं मीटर) नळ्या आधी काढून फुंका, त्यात धूळ अडकली की आकडा काहीही दाखवतो. मग हेडरचं, म्हणजे पल्सची हवा साठवणाऱ्या टाकीचं, प्रेशर बघा, साधारण ५ ते ६ बार पाहिजे, आणि पल्स झाल्यावर काटा खाली जाऊन पुढच्या पल्सच्या आत परत वर येतोय का ते बघा. मग फिल्टरजवळ उभं राहून एकेक व्हॉल्व्हचा आवाज ऐका. "ठप्प" असा कोरडा आवाज आला तर व्हॉल्व्ह चांगला, नुसतं फुस्स झालं तर डायफ्राम (व्हॉल्व्हमधला पडदा) गेला, काहीच नाही आलं तर सोलेनॉइड किंवा टायमरचं कार्ड. एखादा व्हॉल्व्ह सतत गळत असेल तर अख्ख्या हेडरचं प्रेशर बसतं आणि बाकीच्या सगळ्या ओळींचं पल्सिंग ढिलं पडतं, हे लक्षात येत नाही पटकन. शेवटी हॉपर, म्हणजे खालचं धूळ साठणारं नरसाळं. आरएव्ही (हॉपरखालचा धूळ बाहेर टाकणारा फिरता व्हॉल्व्ह) जाम होऊन धूळ वरपर्यंत भरली असेल तर नव्या बॅगा घालून काय होणार?

हे सगळं ठीक असूनही, पल्सिंग करूनही डीपी १५० मिमीच्या (पाण्याच्या उंचीत) खाली येत नसेल तर मग बॅगा बदला. १५० हा काही देवाचा शब्द नाही, तुमच्या फिल्टरच्या डिझाइन शीटवर जो आकडा असेल तो धरा.

मापं घेताना

जुनी बॅग टेबलावर पसरून टेपने मोजायची आणि तेच माप पुरवठादाराला द्यायचं, ही सगळ्यात कॉमन पद्धत आणि सगळ्यात चुकीची. जुनी बॅग आकसलेली असते, उष्णतेने तर जास्तच. माप घ्यायचं ट्यूबशीटच्या भोकाचं, व्हर्नियरने, दोन दिशांनी, आणि निदान आठ-दहा वेगवेगळ्या भोकांचं, कारण जुन्या ट्यूबशीटला भोकं अंडाकृती झालेली असतात. सोबत प्लेटची जाडी द्या. स्नॅप रिंगची खाच त्या जाडीप्रमाणे बनते, ५ मिमीच्या प्लेटसाठीची रिंग ८ मिमीवर बसणार नाही, आणि ठोकून बसवली तरी ती बसलेली नसते. केजचा (बॅगेच्या आतला तारांचा सांगाडा) बाहेरचा व्यास आणि लांबी पण द्या.

पॉलिस्टरची बॅग केजवर चढवल्यावर चिमटीत साधारण अर्ध्या इंचाच्या आत कापडाची घडी आली पाहिजे. अजिबात आली नाही तर बॅग घट्ट, पल्सला ती फुगणार नाही आणि धूळ झडणार नाही. जास्त आली तर प्रत्येक पल्सनंतर कापड तारांवर आपटणार आणि तारेच्या रेषेवरच झिजणार. ग्लासच्या बॅगेला अजून कमी ढील लागते कारण ग्लासचा धागा वाकून वाकून तुटतो. लांबीत केजच्या बुडापासून बॅगेचं बूड एक-दोन सेंटीमीटर खाली, बस.

कापडाचं थोडक्यात सांगतो. पॉलिस्टर नीडल फेल्ट सतत १३० डिग्रीपर्यंत, पण ते कोरड्या हवेत. गरम आणि ओलसर गॅस असेल तर पॉलिस्टर त्याच्या बऱ्याच खाली असताना पण कुजतं, हाताने ओढलं की कागदासारखं फाटतं, अशा ठिकाणी ॲक्रिलिक बघा. पीपीएस साधारण १९०, नोमेक्स २०० च्या आसपास, ग्लास आणि पीटीएफई २६० पर्यंत. नोमेक्सला पण ओलावा आणि ॲसिड चालत नाही, बॉयलरवाल्यांनी हे लक्षात ठेवा. धूळ पेट घेणारी असेल, म्हणजे ॲल्युमिनियम, कोळसा, लाकूड, स्टार्च, डाय इंटरमीजिएट, तर अँटिस्टॅटिकच घ्यायची, आणि त्याची अर्थिंगची पट्टी ट्यूबशीटच्या उघड्या धातूला टेकली पाहिजे. रंगावर टेकलेली पट्टी म्हणजे शोभेची.

ऑर्डर देताना पाच-दहा टक्के जास्त मागवा, रिंगा वाकतात, बॅगा ओढताना फाटतात आणि सुट्टीच्या दिवशी पुरवठादार फोन उचलत नाही.

बंद करणं

दिवस निवडताना आकाशाकडे बघा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे वरचं झाकण उघडून ठेवणं म्हणजे जुगार आहे, अर्ध्या बॅगा बाहेर आणि वरून सर आली की ट्यूबशीटवरच्या धुळीचा चिखल होतो. शक्यतो मे महिन्याच्या आत उरका. पावसाळ्यात करावंच लागलं तर आधी बांबू-ताडपत्रीचं छप्पर बांधून घ्या, मग बोल्टला हात लावा.

प्रोसेस थांबल्यावर आयडी फॅन (हवा ओढणारा पंखा) पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवायचा म्हणजे आतला गॅस आणि ओलावा निघून जातो. मग फॅन बंद करून पल्सिंगचे दहा-पंधरा राऊंड चालवा, फॅन बंद असताना धूळ छान झडते. हॉपर पूर्ण रिकामा होईपर्यंत आरएव्ही आणि स्क्रू (धूळ वाहून नेणारा कन्व्हेयर) चालू. त्यानंतर फॅन, आरएव्ही, स्क्रू, टायमर या सगळ्यांना लोटो (वीज तोडून कुलूप आणि पाटी), ज्याची चावी ज्याच्या खिशात तो माणूस खाली उतरेपर्यंत चावी कोणी मागायची नाही. कॉम्प्रेस्ड एअरचा व्हॉल्व्ह बंद करून हेडर ड्रेन करा, गेज शून्यावर आलेला डोळ्याने बघा आणि ड्रेन उघडाच ठेवा. ब्लो पाइप (बॅगांच्या तोंडावर हवा सोडणारा भोकांचा पाइप) सोडताना एखाद्या व्हॉल्व्हने पल्स मारला तर डोळे जातील.

बॅगा वरून निघत असल्या तरी वरचं प्लेनम (ट्यूबशीटच्या वरचा कप्पा) बंदिस्त असेल आणि आत शिरून काम असेल तर ते कन्फाइन्ड स्पेसच आहे. परमिट, गॅस टेस्ट, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या वर, दाराशी एक माणूस ज्याला दुसरं काहीही काम द्यायचं नाही. आत २४ व्होल्टचा हॅन्डलॅम्प, १९४८ च्या फॅक्टरीज ॲक्टमध्ये कलम ३६अ ने हीच मर्यादा घातलेली होती, पण अजून लोक २३० चा हॅलोजन आत टांगतात. मास्क कापडी नको, कमीत कमी एन-९५, विषारी धूळ असेल तर कार्ट्रिजवाला. आणि हॉपरमध्ये कडेला धूळ चिकटलेली असताना खालच्या मॅनहोलमधून कोणाला आत पाठवू नका, ती एकदम कोसळते आणि माणूस गाडला जातो.

बॅगा आत असताना वेल्डिंग, गॅस कटिंग, ग्राइंडर काहीही नाही. गंजलेला बोल्ट कापायचा असला तरी नाही. आधी डिझेल-ग्रीस लावून ठेवा, नाहीतर हॅक्सॉ.

काढणं, आणि काढताना वाचणं

ब्लो पाइप सोडायच्या आधी प्रत्येकावर पेंटने ओळ नंबर टाका आणि कुठलं टोक व्हॉल्व्हकडे ते पण. बऱ्याच फिल्टरमध्ये पाइपची भोकं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारख्या मापाची नसतात, उलटा बसला की अर्ध्या ओळीला कमी हवा.

ट्यूबशीटवर प्लायवुडच्या फळ्या टाका, केजच्या टोप्यांवर पाय देऊन चालायचं नाही. खिशात मोबाईल, पाने, तंबाखूची डबी काही नाही, पाना दोरीने मनगटाला बांधलेला. एक पाना आत पडला की आरएव्हीचं पातं गेलंच समजा.

केज सरळ वर ओढायचा, पिळायचा नाही. नंतर बॅगेची रिंग आतल्या बाजूने दाबून काजूच्या आकाराची करायची आणि बॅग वर ओढून घ्यायची. काही पोरं कंटाळून बॅगा खाली हॉपरमध्ये ढकलून देतात आणि मग मॅनहोलमधून ओढत बसतात, हे पहिल्या बॅगेलाच थांबवा. वर ओढलेली बॅग लगेच जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड बांधून, वरून खाली फेकायची नाही. टीटीसीत कंपनीच्या भिंतीला लागून वस्ती आहे, कोपरखैरणे-घणसोलीवाले आधीच धुळीने वैतागलेत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कोणी करत नाही. एक पुठ्ठा घ्या, ट्यूबशीटचा नकाशा काढा, ओळ आणि नंबर, आणि फाटलेली बॅग निघाली की त्या चौकोनात कुठे फाटलीये ते लिहा. वरचा फूट-दीड फूट गेला असेल तर ब्लो पाइप वाकडा आहे किंवा प्रेशर फार आहे, जेट बॅगेच्या मधोमध न जाता भिंतीवर आपटतोय. तारांच्या रेषेत उभ्या चिरा असतील तर बॅग ढिली, केज गंजलेला किंवा पल्सिंग गरजेपेक्षा जास्त. बूड गेलं असेल तर शेजारच्या बॅगेवर घासतेय किंवा हॉपरमधली धूळ वर येऊन घुसळतेय. इनलेटच्या समोरच्याच बॅगा गेल्या असतील तर बॅफल प्लेट (येणारी हवा अडवून वळवणारा पत्रा) झिजलीये, बॅगा कितीही भारी आणा, त्या जागच्या परत जाणार. काजळी धरलेली बारीक गोल भोकं म्हणजे ठिणग्या येताहेत, त्याला स्पार्क अरेस्टर लागेल. कापडावर कडक पापुद्रा आणि भोक कुठेच नाही, तर ओलावा. हा पुठ्ठा फेकू नका, पुढच्या वेळी त्याच्या शेजारी ठेवून बघायचाय.

केज पण एकेक बघा. जुना सॉक्स किंवा मऊ फडकं हातात धरून वरपासून खालपर्यंत फिरवा, जिथे अडकलं तिथे नवी बॅग फाटणार. सुटलेलं वेल्डिंग, वाकलेला, गंजाने खरबरीत झालेला केज बाजूला काढा. केजचे पैसे वाचवून त्यावर नवी बॅग घालणं ही बचत नाही. जीआय केज ॲसिडच्या वातावरणात टिकत नाही, तिथे एसएस ३०४ किंवा कोटिंगवाला.

बसवणं

रिकामी ट्यूबशीट व्हॅक्यूमने साफ करा, हवा मारून नाही, कारण ती धूळ क्लीन साइडला, म्हणजे गाळलेल्या हवेच्या बाजूला, पसरते आणि नंतर चिमणीतून निघते तेव्हा तुम्ही नव्या बॅगेवर शंका घेता. प्रत्येक भोकाची कड बोटाने फिरवून बघा, गंज, वेल्डिंगचे थेंब, जुन्या गॅस्केटचे तुकडे सगळं पॉलिश पेपरने काढा. खालून दिवा लावून वरून ट्यूबशीटच्या वेल्डिंगला चीर आहे का बघा, प्रकाश आला तर धूळ पण येणार. वेल्डिंग करायचं तर आत्ताच, नव्या बॅगा वर यायच्या आधी.

बॅग खोक्यातून काढून बूड भोकात सोडा आणि कडेवर न घासता हळूहळू खाली जाऊ द्या. शिवण सरळ खाली गेली पाहिजे, फिरकी घेतलेली नको, आणि सगळ्यांची शिवण एकाच बाजूला, शक्यतो इनलेटच्या विरुद्ध दिशेला. मग रिंग काजूसारखी दाबा, खाच भोकाच्या कडेवर एका बाजूने बसवा आणि हळूहळू सोडत दुसरी बाजू बसवा. चांगली बसली की टक् असा आवाज येतो. मी आवाजावर पण विश्वास ठेवत नाही. अंगठा पूर्ण गोल फिरवायचा, कुठे फट किंवा उंचवटा लागतोय का, आणि बॅग धरून फिरवून बघायची. सहज फिरली तर बसली नाही. स्क्रू ड्रायव्हर, हातोडी यांना तिथे जागा नाही, रिंगेचं स्टील एकदा मुडपलं की ती बॅग बाद.

हे शंभर बॅगांना शंभर वेळा करायचं. दुपारनंतर पोरं दमतात, पत्रा तापलेला असतो आणि शेवटच्या तीन-चार ओळींना गडबड होते, त्यामुळे तपासणीला शेवटच्या ओळींपासून सुरुवात करा. बसवणारा वेगळा आणि अंगठा फिरवणारा वेगळा, तपासलेल्या भोकाशेजारी खडूची खूण.

केज दोन्ही हातांनी धरून खाली सोडायचा. शेवटचा फूटभर सोडून दिला की धपकन बुडावर बसतो आणि शिवण उसवते. वरची टोपी ट्यूबशीटवर सपाट टेकली पाहिजे. सगळे केज बसले की आत न शिरता खालच्या मॅनहोलमधून दिवा टाकून वर बघा, बॅगा ओळंब्यात आहेत का, एकमेकींना टेकताहेत का. टेकत असतील तर केज वाकडा, बदला.

खालून बांधायची असेल तर बॅग केजवर चढवून वरची कड दुमडून क्लॅम्प आवळायचा, क्लॅम्पचं तोंड दुसऱ्या बॅगेवर घासणार नाही असं फिरवून. काम धुळीच्या बाजूला असतं म्हणून वेळ दुप्पट आणि परमिटची बाब जास्त कडक.

ब्लो पाइप नंबरप्रमाणे परत. प्रत्येक भोक बॅगेच्या बरोबर मध्यावर आणि सरळ खाली तोंड करून पाहिजे. भोकात मावेल अशी सरळ सळई घालून बघितली की तिरकेपणा लगेच दिसतो, पाच मिनिटांचं काम आहे पण बॅगांचं आयुष्य त्यावर आहे.

दाराचं गॅस्केट नवीन लावा, चिकटवून चिकटवून जुनंच वापरू नका. फिल्टर सक्शनवर चालतो, म्हणजे फटीतून हवा आणि पावसात पाणी आत ओढलं जातं, आणि ते पडतं थेट क्लीन साइडला, बॅगेच्या तोंडात. गरम गॅस असेल तर सिलिकॉन, नाहीतर ईपीडीएमची दोरी, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हवी त्या मापात मिळते.

चालू करायच्या आधी लीक टेस्ट

फ्लुरोसंट पावडर मिळते. कापडाच्या दर चौरस मीटरला साधारण ५ ग्रॅम धरायची. १५० मिमी व्यासाची, ३.६६ मीटर लांब बॅग म्हणजे १.७ चौरस मीटरच्या आसपास, शंभर बॅगांना १७० चौरस मीटर, म्हणजे ८५० ग्रॅम पावडर. पल्सिंग बंद ठेवून फॅन चालू करा, इनलेट डक्टमधून पावडर सोडा, काही मिनिटांनी फॅन बंद, परत लोटो, वरचं झाकण उघडून अंधारात यूव्ही दिवा फिरवा. गळती जिथे आहे तिथे हिरवं-गुलाबी चमकतं. दुरुस्ती करून परत टेस्ट करायची तर दुसऱ्या रंगाची पावडर घ्या. बहुतेक वेळा सापडते ती न बसलेली रिंगच.

पहिला दिवस

नवी बॅग हवेला अडवतच नाही. डॅम्पर (हवेची झडप) पूर्वीइतका उघडा ठेवला तर फॅन भरपूर हवा ओढतो, मोटरचा अँपिअर चढतो आणि बारीक धूळ जोरात येऊन कापडाच्या आत रुतते, ती मग कुठल्याही पल्सने निघत नाही. महिन्याभरात डीपी परत तिथेच. त्यामुळे डॅम्पर कमी करून सुरू करा आणि डीपी चढेल तसा उघडत न्या.

शक्य असेल तिथे प्रीकोट करा, म्हणजे आधीच पावडरचा थर बसवा, चुनखडीची पावडर किंवा तयार मिळणारं मटेरियल, चौरस मीटरला २५० ग्रॅमच्या आसपास, वरच्या हिशोबाने ४०-४५ किलो. तेलकट धूर, बॉयलर सुरू होतानाचा ओला गॅस, फार बारीक धूळ, यांना तर करायचंच. मेम्ब्रेन लावलेल्या बॅगेला सहसा लागत नाही.

पल्सिंग लगेच चालू करायचं नाही, बॅगेवर धुळीचा पहिला थर बसू द्या, खरं गाळण्याचं काम तो थर करतो. डीपी ६०-७० मिमीच्या आसपास आला की टायमर चालू. पल्स १०० मिलीसेकंदांच्या आसपास, त्यापेक्षा लांब पल्सने साफसफाई वाढत नाही, कॉम्प्रेसर मात्र पळतो. दोन पल्समधलं अंतर डीपी स्थिर राहील इतकंच.

मधेच चार बॅगा फाटल्या तर

जुन्यांमध्ये चार नव्या घातल्या की सगळी हवा त्या चौघींतून पळते, कारण तिथे अडथळा कमी, आणि त्या पटकन जातात. मोजक्याच असतील तर भोकाला पत्र्याची टोपी लावून बंद करा आणि रजिस्टरला लिहा. संख्या वाढली तर अख्खा कंपार्टमेंट एकदम बदला.

पावसाळ्याचं वेगळं

जून लागला की कॉम्प्रेस्ड एअरमधलं पाणी हा इथला खरा शत्रू. ड्रायर चालू आहे का हे पॅनेलच्या दिव्यावरून ठरवू नका, हेडरचा ड्रेन उघडून हातावर हवा घ्या. पाणी आलं तर तेच पाणी प्रत्येक पल्सला बॅगेच्या आत फवारलं जातंय. ऑटो ड्रेन असला तरी शिफ्टला एकदा हाताने ड्रेन करायचा. हॉपरचं इन्सुलेशन उघडं पडलं असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आत झाकून घ्या, थंड पत्र्यावर आत पाणी धरतं आणि धुळीचा गारा होतो.

जुन्या बॅगांचं काय करायचं ते तुमच्या एमपीसीबीच्या (राज्याचं प्रदूषण नियंत्रण मंडळ) कन्सेंटमध्ये लिहिलेलं असतं. धूळ घातक प्रकारात येत असेल तर बॅगा पण त्याच धुळीसोबत, मॅनिफेस्ट बनवून, महाप्याच्या किंवा तळोज्याच्या ज्या घातक कचऱ्याच्या फॅसिलिटीचे तुम्ही मेंबर आहात तिकडे. भंगारवाल्याला केज द्या, तेही धुऊन, बॅगा नाही. आठवड्याने एकदा दाराचे आणि ब्लो पाइपचे बोल्ट परत आवळा, आणि पहिला महिना रोज एकाच वेळी डीपी, हेडर प्रेशर आणि फॅनचा अँपिअर रजिस्टरला लिहायला सांगा.